न वाजवणाऱ्यांचा वाद्यवृंद

माझ्या एका विद्यार्थिनीला वाद्यवृंदाच्या कार्यालयात उमेदवारी करायची आहे. वडील म्हणाले, "सर, ऑर्केस्ट्रात ही काय करणार? हिला तर गाता येत नाही!"

मी सांगितलं, मुंबईत एनसीपीएमध्ये २००६ साली 'सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया' सुरू झाला. त्यात परदेशी वादकही येतात. त्यांचे व्हिसा, तालमींचं वेळापत्रक, प्रत्येकासमोर योग्य स्वरलिपी, हे सारं न वाजवणारी माणसंच बघतात. जाहिरातीची वाट न पाहता अर्ज करावा, आपल्याला काय येतं ते नेमकं लिहावं आणि विद्यावेतन आधीच विचारावं.

"आणि मुंबईत राहायचा खर्च?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आपल्याकडच्या मुली इथेच अडतात.

अर्ज तिनं पाठवलाय. खोलीभाड्याचा हिशेब वडील अजून मांडताहेत.