नारळीकरांचा फुगा

डिसेंबर २०२१ मध्ये आपल्या नाशिकला, आडगाव येथे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. त्याचे अध्यक्ष खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर होते. प्रकृतीच्या कारणाने ते येऊ शकले नाहीत. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या विज्ञानकथा आपल्या मुलांनी वाचल्या असतील. त्यांच्या फुग्याची गोष्ट मात्र फार थोड्यांना ठाऊक असेल.

पृथ्वीबाहेर जीव आहे का, हा प्रश्न घेऊन बहुतेक शास्त्रज्ञ मोठमोठ्या दुर्बिणी दूरच्या ताऱ्यांकडे वळवतात. नारळीकरांनी वेगळीच वाट धरली. दूर कशाला जायचे, आपल्या डोक्यावरची हवाच तपासू या, असे त्यांचे म्हणणे. यामागे त्यांचे केंब्रिजमधील गुरू फ्रेड हॉईल यांचा विचार होता. धूमकेतूंबरोबर सूक्ष्मजीव येतात, पृथ्वीवर पडतात, आणि जीवसृष्टीची सुरुवातही तशीच झाली असावी, असे हॉईल व त्यांचे सहकारी चंद्रा विक्रमसिंघे सांगत. शास्त्रज्ञांच्या जगात या मताची बरीच टिंगल झाली. हॉईल तर सर्दी-तापाची साथही आकाशातून येते म्हणत; ते आम्हालाही पटत नाही. पण टिंगल म्हणजे काही उत्तर नव्हे. जीव वरून पडत असतील तर ते वर सापडले पाहिजेत. बघा सापडतात का!

नारळीकर गणिताचे माणूस, जिवाणूंचे नव्हेत. साठी उलटल्यावर त्यांनी या कामात जीवशास्त्रज्ञांना बरोबर घेतले. इस्रोने पाठबळ दिले. २००१ च्या जानेवारीत हैदराबादहून पहिला फुगा सोडण्यात आला. दुसरा २० एप्रिल २००५ रोजी उडाला. हा फुगा जत्रेतला नव्हे. त्याचे आकारमान २ कोटी ६७ लाख घनफूट होते आणि त्याखाली ४५९ किलोची उपकरणे टांगलेली होती. तो ४१ किलोमीटर उंच गेला. आपल्या नाशिकहून इगतपुरी जवळपास जेवढी लांब, तेवढे सरळ उभे वर! प्रवासी विमान दहा-बारा किलोमीटरवरून जाते.

तिथली हवा इतकी विरळ की ती गोळा करायची कशी, हाच पेच. त्यासाठी पोलादाच्या सोळा नळ्या निर्जंतुक करून, आतली हवा काढून, द्रवरूप निऑनमध्ये बुडवून ठेवल्या होत्या. निऑन म्हणजे शून्याखाली सुमारे २४६ अंश थंडी. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर हवेतली वाफ कशी जमते, तशी बाहेरची हवा त्या गार नळीत शिरून गोठत गेली. वीस ते एक्केचाळीस किलोमीटरपर्यंतचे नमुने घेऊन नळ्या पॅराशूटने खाली आल्या.

एकाच प्रयोगशाळेवर विसंबायचे नाही म्हणून हैदराबाद आणि पुणे अशा दोन ठिकाणी स्वतंत्र तपासणी झाली. (पत्रिका-ज्योतिषाची परीक्षा घेतानाही त्यांची रीत अशीच काटेकोर होती, पण तो विषय पुन्हा कधीतरी.) जिवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती मिळाल्या. बहुतेक ओळखीच्याच निघाल्या, पण जिवाणूंच्या तीन जाती अगदी नव्या होत्या. सूर्याचे अतिनील किरण त्या आपल्या जवळच्या भाऊबंदांपेक्षा जास्त सोसत होत्या. २००९ मध्ये त्यांची नावे जाहीर झाली. एकीला इस्रोचे, दुसरीला आर्यभटाचे आणि तिसरीला हॉईल यांचे नाव मिळाले. हॉईल २००१ मध्येच वारले होते. पहिला फुगा उडाला तेव्हा ते हयात होते, एवढेच.

मग परग्रहावरचा जीव सापडला का? एखाद्या बुवाला एवढे भांडवल मिळते तर त्याने मठ बांधला असता. इस्रोच्या निवेदनात मात्र स्वच्छ लिहिले होते की, हे जीव पृथ्वीबाहेरून आले असे यातून ठामपणे सिद्ध होत नाही, काम पुढे चालू ठेवावे एवढा हुरूप मात्र मिळतो. ज्या विचाराची पाठराखण केली त्याच्याबद्दल असे लिहायला छाती लागते.

पुढची गंमत ऐका. आर्यभटाच्या नावाचा तो जिवाणू नंतर निरनिराळ्या ठिकाणच्या मातीत, पिकांच्या मुळांशी सापडू लागला. मध्य भारतातील काळ्या जमिनीत सोयाबीन आणि गव्हाला जस्त मिळवून देण्याचे काम तो करतो, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. म्हणजे आभाळात पहिल्यांदा भेटलेला हा पाहुणा शेतातला गडी निघाला!

हे एका नववीतल्या मुलाला सांगितले. तो जरा थांबून म्हणाला, "काका, मग तो शेतातून वर गेला, का वरून शेतात पडला?"

वर जाणे सोपे नाही. आपल्याकडे ढग-वादळांची मजल साधारण सतरा-अठरा किलोमीटरपर्यंतच. मोठा ज्वालामुखी फुटला तर धूळ आणखी वर जाते, पण एक्केचाळीस किलोमीटर म्हणजे फारच झाले, असे नारळीकरांचे म्हणणे होते. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, जिवाणू इतका हलका की काही सांगता येत नाही. मुलाला हेच सांगितले. त्याचे समाधान झाले नाही. तो म्हणाला, "मग अजून एक फुगा सोडायला पाहिजे."