हळद चोळली म्हणून जंतू मरत नाहीत

‘आलं-लसूण, हळद, ओवा चोळलेलं चिकन, वर धगधगते निखारे; जंतू जगेलच कसा?’ शोरमा-कबाबच्या गाडीपुढे हे हमखास ऐकू येतं. आता प्रयोगशाळेचाही दाखला मिळतो: अमुक पाल्याच्या अर्काने बशीतले स्टॅफिलोकोकस मारले.

मारले असतील, पण बशीत. तिथे अर्क आणि जंतू समोरासमोर असतात. मांसात चरबी नि प्रथिनं आड येतात. ओव्यातलं थायमॉल चरबीत विरघळून तिथेच अडकतं. लसणातलं अ‍ॅलिसिन उष्णतेने मोडतं, म्हणजे ज्या निखाऱ्यांची ग्वाही देता तेच त्याला संपवतात. जंतूंना पुरेल एवढा अर्क घातलाच, तर ते चिकन तोंडात धरवणार नाही. शिवाय कुटलेल्या मसाल्यातच बॅसिलसचे बीजाणू असू शकतात, ते कुणी बोलत नाही.

निखाऱ्यांचा दावा मात्र अर्धा खरा आहे. गाभ्यापर्यंत ७५ अंश सेल्सिअस पोचले तर साल्मोनेला टिकत नाही. पण शोरम्याचा उभा गोळा बाहेर करपतो तेव्हा आत कोमट असतो, आणि गर्दी वाढली की सुरी आतल्या थरात शिरते. स्टॅफिलोकोकसने आधीच विष सोडलं असेल तर ते उकळूनही जात नाही. भाजल्यानंतरची तऱ्हा वेगळीच. कच्चं उलटवणारा चिमटाच शिजलेलं वाढतो, एकाच फडक्याने सुरी, पाट आणि हात पुसले जातात. २०२२ मध्ये केरळच्या कासरगोड जिल्ह्यात शोरमा खाऊन १६ वर्षांची विद्यार्थिनी दगावली, तेव्हा रुग्णांत शिगेला सापडला. तो माणसाच्या विष्ठेतून, न धुतलेल्या हातांतून, पाण्यातून येतो. २०२४ मध्ये मुंबईत मानखुर्द-ट्रॉम्बे भागात शोरमा खाल्ल्यानंतर १९ वर्षांचा तरुण गेला. विक्रेत्यांना अटक झाली.

म्हणून गाड्याच उठवा म्हणणाऱ्यांशीही माझं पटत नाही. एका बादलीत संध्याकाळ काढणाऱ्याला स्वच्छतेचं व्याख्यान काय द्यायचं? पथविक्रेत्यांचा कायदा २०१४ चा; गाडीजवळ नळ कुठे आहे? नळ आला, की बाकीचं हक्काने मागता येईल. कच्चं बर्फावर ठेवावं, त्याचा चिमटा नि सुरी वेगळी असावी, गोळा लहान लावावा, कापलेले तुकडे तव्यावर पुन्हा खरपूस परतावेत, उरलेलं उद्यावर ठेवू नये. यातलं काहीच महागडं नाही. (बर्फ सोडून, हे कबूल.)

अर्कांवर संशोधन जरूर व्हावं. दही-लिंबाच्या आंबटपणाने जंतूंची वाढ मंदावते, तशी एखाद्या अर्कानेही मंदावेल. फक्त बशी बाजूला ठेवून, मे महिन्याच्या दुपारी गाडीखालच्या पातेल्यात मुरत असलेल्या चिकनवर ते दाखवा.