व्यसनमुक्तीला महिना पुरत नाही

रमजानचा चाँद दिसला की मोहल्ल्यात दरवर्षी एक बदल जाणवतो. एरवी पानटपरीमागच्या अंधारात उभी असणारी काही पोरं तरावीहच्या रांगेत दिसू लागतात. घरी आईला वाटतं, सुटला एकदाचा. हिंदू बांधवांच्या घरांतही हा अनुभव आहेच. कुणी श्रावणभर बाटलीला शिवत नाही, कुणी पंढरीची माळ घालून दारू सोडतो. श्रद्धा माणसाला व्यसनापासून दूर नेते, हे खरंच आहे. पण ज्याचं शरीरच नशेवर अवलंबून झालं आहे, त्याच्यासाठी दोन वेळा फार नाजूक असतात. एक, अचानक सोडल्यानंतरचे पहिले तीन-चार दिवस. दुसरी, महिनाभर थांबून पुन्हा घेतल्याचा पहिला दिवस. या दोन्ही वेळी जीव जाऊ शकतो.

पहिला धोका दारूचा आणि झोपेच्या गोळ्यांचा. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवलं, तर हातपाय थरथरतात, घाम फुटतो, एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते. पुढे भ्रम होतो, माणूस नसलेल्या गोष्टी पाहू लागतो. वेळेवर उपचार मिळाला नाही तर मृत्यूही येतो. मालेगावात ‘कुत्ता गोळी’ आणि मराठवाड्यात ‘बटन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांचंही तसंच आहे. त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी कराव्या लागतात. अशा माणसाला रोजाच्या पहिल्या दिवशी कंप सुटला, तर तो अशक्तपणा समजून झोपवून ठेवू नये, दवाखान्यात न्यावं.

दुसरा धोका गर्द, हेरॉईन आणि अफूपासून बनणाऱ्या इतर पदार्थांचा. हे सोडताना हाडं मोडल्यासारखं दुखतं, उलट्या-जुलाब होतात. पण खरा घात नंतर होतो. नशा थांबली की शरीराची सहनशक्ती काही आठवड्यांत उतरते. ईदनंतर जुने मित्र भेटले आणि त्याने पूर्वीचाच डोस घेतला, तर तोच डोस आता त्याचा श्वास थांबवू शकतो. तुरुंगातून सुटलेल्या आणि व्यसनमुक्ती केंद्रातून घरी परतलेल्या माणसांच्या बाबतीत हेच घडतं. नुसता ‘नशा उतरवण्याचा’ उपचार करून घरी पाठवणं म्हणूनच अपुरं आहे.

यावर औषध आहे, आणि ते बाह्यरुग्ण विभागात मिळू शकतं. ब्युप्रेनॉर्फिन नावाची गोळी जिभेखाली ठेवून विरघळवायची. ती मेंदूतल्या त्याच जागी जाऊन बसते जिथे हेरॉईन बसतं, पण तिचा परिणाम एका मर्यादेपुढे वाढत नाही. तळमळ शमते, अंगदुखी थांबते, आणि योग्य डोस बसला की माणूस धुंदीत न जाता कामावर जाऊ शकतो. असर दिवसभर टिकतो. गोळीत बहुधा नॅलॉक्सोन मिसळलेलं असतं. जिभेखाली ते जवळजवळ निष्क्रिय राहतं. कुणी गोळी कुटून सुईने टोचली, तर मात्र नशेला अटकाव करतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2005 मध्ये ब्युप्रेनॉर्फिन आणि मेथाडोन ही दोन्ही औषधं अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. फ्रान्सने 1995 च्या सुमारास साध्या फॅमिली डॉक्टरांनाही ब्युप्रेनॉर्फिन लिहून देण्याची मुभा दिली. पुढच्या चार वर्षांत तिथले ओव्हरडोसचे मृत्यू सुमारे 80 टक्क्यांनी घटले.

आपल्या देशात हा प्रयोग सर्वांत मोठ्या प्रमाणावर पंजाबने केला. 2015 च्या एका पाहणीत त्या राज्यात अफूजन्य पदार्थांवर अवलंबून असलेल्यांची संख्या सुमारे 2 लाख 30 हजार निघाली. त्यातल्या 80 टक्क्यांहून अधिक लोकांनी सोडण्याचा प्रयत्न केला होता, मदत मात्र जेमतेम 35 टक्क्यांना मिळाली होती. म्हणजे इच्छा होती, दार नव्हतं. ऑक्टोबर 2017 मध्ये अमृतसर, तरनतारन आणि मोगा या जिल्ह्यांत सरकारने बाह्यरुग्ण केंद्रं सुरू केली. आज ती पाचशेहून अधिक आहेत. रुग्ण येतो, कर्मचाऱ्यासमोर गोळी जिभेखाली ठेवतो, ती विरघळली की आपल्या कामाला जातो. घर सुटत नाही, रोजगार बुडत नाही. कोरोनाच्या टाळेबंदीत गोळ्या घरी नेण्याची मुभाही वाढवली गेली.

पंजाबात सगळं आलबेल आहे असं नाही. तिथे ‘जीभवाली गोली’ काळ्या बाजारात विकली जाते, आणि काही खासगी केंद्रांतून ती बाहेर गेल्याच्या तक्रारी झाल्या. म्हणून 2025 मध्ये खासगी केंद्रांसाठी कडक नियम आणि बायोमेट्रिक नोंदणीचा मार्ग सरकारने धरला. त्याच वर्षी १ मार्चपासून पोलिसी मोहीमही जोरात सुरू झाली. इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. बाजारातला माल तुटला की व्यसनी माणूस दवाखान्याकडे वळतो. त्या दिवशी तिथे डॉक्टर, गोळी आणि समुपदेशक नसेल, तर तो अधिक घातक पदार्थाकडे जातो. नियंत्रण हवंच, पण ते इतकं आवळू नये की खरा रुग्ण परत फिरेल.

सर्वांत मोठा आक्षेप मात्र आपल्या मनातला आहे: ‘ही तर एका नशेच्या जागी दुसरी नशा.’ मधुमेहाच्या रुग्णाला आपण इन्सुलिनचा व्यसनी म्हणत नाही. माणूस पगार घरी आणतो का, मुलांची फी भरतो का, चोरी थांबली का, जिवंत आहे का, हे पाहिलं पाहिजे. औषध किती दिवस चालवायचं हे डॉक्टर आणि रुग्ण ठरवतील. घरच्यांनी घाईने बंद करायला लावलं, तर पुन्हा तोच ओव्हरडोसचा धोका उभा राहतो.

महाराष्ट्राला व्यसनमुक्तीची मोठी परंपरा आहे. पुण्यात गर्दची लाट आली तेव्हा 1986 मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण उभं केलं. समुपदेशन, सोबत्यांचा गट, कुटुंबाचा सहभाग हे सगळं औषधाच्या जोडीला हवंच. पण केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या 2019 च्या पाहणीचा आकडा पाहा: दारूवर अवलंबून असलेल्या 38 जणांपैकी एकालाच कसला तरी उपचार मिळतो. दारूची तळमळ कमी करणारी नॅल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट ही औषधं असूनही ही स्थिती आहे. तालुक्याच्या रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस जरी अशी ओपीडी चालली, तरी कित्येक घरं वाचतील. एमडीसारख्या नशेवर मात्र अशी सिद्ध झालेली गोळी अजून नाही. तिथे समुपदेशनावरच भर द्यावा लागतो.

‘न सांगता दारू सोडवा’ अशा भिंतीवरच्या जाहिरातींपासून दूर राहा. डायसल्फिराम हे औषध पोटात असताना माणूस प्यायला, तर रक्तदाब कोसळू शकतो. ते चोरून जेवणात मिसळणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ.

रोजेदार रुग्णांसाठी एक शब्द. ब्युप्रेनॉर्फिन सहसा दिवसातून एकदाच घ्यावं लागतं, त्यामुळे डॉक्टरांशी बोलून वेळ इफ्तारनंतर किंवा सहेरीला ठेवता येते. ज्याला ते जमत नाही, त्या आजारी माणसाला इस्लामने रोजातून सूट दिलेलीच आहे. सूट घेणाऱ्याला टोमणे मारू नयेत.

पोलिसांची भीती हा आणखी एक अडसर. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम 64-अ मध्ये, नशा केल्याच्या किंवा अल्प प्रमाणातल्या गुन्ह्यात स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेणाऱ्याला खटल्यापासून संरक्षण आहे. उपचार अर्धवट सोडला तर ते काढून घेता येतं. 14446 या राष्ट्रीय हेल्पलाईनवर मोफत सल्ला मिळतो.

तरावीहच्या रांगेत आलेला तो मुलगा ईदनंतर दिसेनासा झाला, तर त्याला नावं ठेवण्याआधी त्याच्या घरी जा. सोबत चला म्हणा, दवाखान्यात. रमजानमध्ये त्याने दाखवलेली हिंमत खरी होती. आता तिला औषधाची आणि शेजाऱ्यांची साथ हवी आहे.