शिट्टीवाल्याचाही मान ठेवा



कोल्हापुरात फुटबॉल हा तालमींचा खेळ. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही सारी तालीम मंडळेच. शाहू स्टेडियमवर त्यांचा सामना असला की पेठा लोटतात. गोल करणाऱ्याला लोक खांद्यावर घेतात. ९० मिनिटे त्याच्याइतकाच धावणारा पंच मात्र शिव्यांचा धनी होतो.

पाटाच्या पाण्याची पाळी लावणाऱ्यासारखी त्याची गत. दोन्हीकडचे म्हणतात, समोरच्याला झुकते माप दिले. पण पाळी लावणाराच नसेल, तर शेतात पाणी नाही, भांडणच पोचते.

अशीच आणखी माणसे असतात. सकाळी फक्कीने रेषा आखणारा, जाळी बांधणारा, मुरगळलेल्या पायाला बर्फ लावणारा. वर्षानुवर्षे ती राबतात. नाव कुठेच येत नाही.

तुमच्या गावात फुटबॉल नसेल, कबड्डी असेल. माणसे तीच. सुगीनंतर स्पर्धा भरवाल, तेव्हा एवढे करा. मंडप रिकामा झाल्यावर शाल-श्रीफळ उरकू नका. अंतिम सामन्याआधी, दोन्ही संघ उभे असताना, मैदानाच्या मधोमध द्या. किती वर्षे सेवा केली ते मोठ्याने सांगा. घरधनिणीलाही बोलवा, तो मैदानावर असताना घरची ओढ तिनेच सोसली.

आणि निर्णय पटला नाही तरी तोंड आवरा. शेजारी पोरे बसलेली असतात. पंचाला मिळणाऱ्या शिव्या ती ऐकतात. उद्या हा म्हातारा थकला, की त्याची शिट्टी त्यांच्यापैकीच कुणीतरी उचलायची आहे.