पुळण वाचवायची की भिंत?

पावसाळा आला की कोकणातल्या गावागावांतून एकच मागणी होते: समुद्र जमीन गिळतोय, दगडी बंधारा बांधून द्या. घराच्या परसापर्यंत उधाणाचं पाणी येतं त्या माणसाची भीती खरी आहे. पण या मागणीमागचं गृहीतक तपासायला हवं. समुद्र फक्त नेतो, किनारा म्हणजे जमिनीची ठरलेली हद्द, आणि हद्दीवर भिंत घातली की प्रश्न मिटला, असं ते गृहीतक आहे. हरिहरेश्वरच्या काळ्या कातळाला ते काही अंशी लागू पडेल. तिथे लाटांनी बेसॉल्टचा कडा तासून सपाट मंच काढला आहे, खडकावर मधाच्या पोळ्यासारखी छिद्रं पडली आहेत. तिथून झिजून गेलेला खडक परत येत नाही. पुळणीची गोष्ट वेगळी आहे. मालवणजवळचं देवबाग पाहा. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी. ही पट्टी नदीच्या आणि लाटांच्या वाळूनेच घडली आहे. ज्या समुद्राला आपण चोर ठरवतो, त्यानेच ही जमीन रचलेली आहे.

जून ते सप्टेंबरात उंच, लागोपाठच्या लाटा पुळणीवर आदळतात. परतणारं पाणी वाळू ओढून नेतं, पुळण खचते, सुरूची मुळं उघडी पडतात. ही वाळू बहुतांशी फार लांब जात नाही. ती जवळच पाण्याखाली दांडा होऊन बसते, आणि पुढच्या लाटा त्या दांड्यावरच फुटून किनाऱ्याशी पोहोचेपर्यंत निम्म्या होतात. पाऊस सरला की संथ लाटा तीच वाळू हळूहळू वर आणून टाकतात. वरच्या अंगाला मर्यादवेल वाऱ्याने उडणारे कण धरून ठेवते आणि टेकाड वाढत जातं. म्हणजे पावसाळ्यातली धूप हा पुळणीच्या बचावाचाच भाग आहे. भिंत नेमका तोच मोडते. लाट दगडावर आपटून उलटते, भिंतीच्या पायथ्याची वाळू उकरते, काही वर्षांत दगड खचतात, आणि बंधारा जिथे संपतो तिथल्या शेजाऱ्याच्या जमिनीला वाढीव मार बसतो. मच्छीमारांना रापणीचं जाळं ओढायला जागा उरत नाही. वेळाससारख्या किनाऱ्यावर असा बंधारा झाला तर कासवांना अंडी घालायला वाळूच राहणार नाही.

वाळूची वाट अडवल्याचा पुरावा पूर्व किनाऱ्यावर ढळढळीत आहे. तिथे वाळू वर्षभराच्या हिशेबात दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चेन्नईचं बंदर उभं राहिलं. दक्षिणेला मरीनाची पुळण रुंदावली, उत्तरेला रोयापुरम खचलं. पुदुच्चेरीत 1980च्या दशकात बंदराचे बांध झाले आणि शहरासमोरची पुळण गेली. दगड टाकून ती परतली नाही. 2018मध्ये राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने पाण्याखाली पाचरीच्या आकाराचा अडथळा बसवला, वाळूचा भराव घातला, तेव्हा कुठे पुळण पुन्हा दिसू लागली.

कोकणात दोन भूशिरांमधल्या पुळणींवर असा लांबवरचा प्रवाह नाही, मग हे उदाहरण कशाला, असा आक्षेप घेता येईल. तो अर्धा बरोबर आहे. पण छोट्या उपसागरात बाहेरून येणारी वाळू मुळातच कमी असते, त्यामुळे खाडीतून उपसलेला प्रत्येक ब्रास तिथे जास्त बोचतो. दुसरा आक्षेप समुद्रपातळी वाढण्याचा. ती वाढते आहे, हे खरंच. पण पाणी चढलं की पुळणीला मागे सरकायला जागा लागते, आणि भिंत तीच जागा बंद करते.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे: घरं आज पडताहेत, वाळू येईपर्यंत लोकांनी काय करायचं? इथे मी बंधाऱ्याला सरसकट नकार देत नाही. पट्टी इतकी अरुंद झाली असेल की मागे सरकायला वावच नाही, तिथे मोजक्या लांबीचं दगडी काम करावं लागेल, पण सोबत वाळूचा भराव हवा आणि दोन्ही टोकांच्या शेजाऱ्यांचा विचार आधी हवा. इतरत्र बंधाऱ्याचं अंदाजपत्रक मांडण्याआधी दोन गोष्टी झाल्या पाहिजेत: नदीमुखातला वाळूउपसा थांबवणं, आणि पुळणीच्या मागचं टेकाड सपाट करून त्यावर रिसॉर्ट बांधायला परवानगी न देणं. त्या न करता ओतलेला दगड काही पावसाळ्यांनी पुन्हा ओतावा लागेल, आणि तोवर समोरची पुळण गेलेली असेल.