इग्वाना सोडणाऱ्यांची भूतदया

‘सांभाळणं जमेना, मग मारण्यापेक्षा रानात सोडला. त्यात बिघडलं काय?’ हौशी प्राणिपालकांचा हा ठरलेला युक्तिवाद. कॅरिबियन समुद्रातल्या ग्रँड केमन बेटावर काय बिघडलं ते मोजता येतं.

हिरवा इग्वाना हा सरडा मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला. केमनमध्ये तो पाळीव प्राणी म्हणून आला. पिल्लू वीतभर, पोपटी, गोजिरं. वाढलं की दीड मीटरचं धूड, वर शेपटीचे फटकारे. कुणी सोडला, कुणाचा निसटला. मादी एका खेपेला कित्येक डझन अंडी घालते. २०१८ पर्यंत सुमारे ६५ हजार वस्तीच्या त्या बेटावर इग्वाना १० लाखांपुढे गेले होते.

‘निसर्ग आपोआप समतोल साधतो’ असंही म्हणतात. मायदेशी साधतो, तिथे अंडी उकरणारे आणि मोठ्या इग्वानालाही खाणारे प्राणी आहेत. बेटावर त्याला आवरेल असं कोण होतं?

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. ऑक्टोबर २०१८ पासून सरकारने नगामागे पैसे देऊन दहा लाखांहून अधिक इग्वाना मारवले. हे क्रूर नाही का? आहेच. पण याच बेटावर निळा इग्वाना राहतो आणि जगात इतरत्र कुठेही नाही. २००२ साली रानात तो जेमतेम १०-२५ उरला होता. (त्याचा दोष प्रामुख्याने कुत्र्या-मांजरांचा आणि उजाड झालेल्या रानाचा; हिरव्याच्या माथी तोही मारणं अन्यायाचं ठरेल.) माणसांनी त्याची अंडी उबवली, पिल्लं पिंजऱ्यात वाढवली, मग सोडली. हजारावा निळा इग्वाना रानात गेला तोही २०१८ मध्येच. शेजारच्या लिटल केमनवर तर हिरव्याचा तिथल्या स्थानिक इग्वानाशी संकर झाल्याचं आढळलं. अशा वेळी हिरव्यांची शिकार अर्ध्यावर थांबवली, तर उरलेल्या माद्या काही वर्षांत ती संख्या भरून काढतील आणि मारलेले फुकट मेले असं होईल.

म्हणून माझं म्हणणं बंदूकवाल्याविरुद्ध नाही, विक्रेत्याविरुद्ध आहे. हिरवा इग्वाना आपल्याकडेही हौसेने पाळला जातो. वन्यजीव कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीने अशा परदेशी प्राण्यांची नोंदणी आणली, हे चांगलंच झालं. पण नोंद मालकाच्या नावावर होते; प्राणी नकोसा झाल्यावर मालकाने जायचं कुठे? ज्याने विकला त्याला तो परत घेणं बंधनकारक करा आणि उरलेल्या आयुष्यभर पोसण्याचा खर्च पिल्लाच्या किमतीतच धरायला लावा. पिल्लं महाग होतील, गिऱ्हाइकं घटतील, असं दुकानदार म्हणतील. घटू देत.