दफ्तरात न लिहिलेली ठेव



बँकेच्या नोकरीत मी आयुष्यभर इतरांची खाती सांभाळली. दोन वर्षे खातेदाराचा व्यवहार झाला नाही, तर खाते निष्क्रिय ठरते. दहा वर्षे उलटली, की दावा न केलेली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे वर्ग होते. हा नियम मी असंख्य खातेदारांना समजावून सांगितला. माझे स्वतःचे एक खाते मात्र असेच निष्क्रिय झाले, त्याची ही हकीकत.

माझे बालपण केनियातील किसुमू येथे, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी गेले. वडिलांचे तेथे किराणा व कापडाचे दुकान होते. दुकानास तिकडे ‘डुका’ म्हणतात. हा शब्द आपल्यालाही ओळखीचा. दुकानात एक वयस्क लुओ गृहस्थ मदतीस असत. आम्ही त्यांना ‘म्झे’, म्हणजे वडीलधारे, म्हणत असू. स्वाहिली मी त्यांच्याकडूनच शिकलो. संध्याकाळी उधारीची वही उघडली, की ते एक म्हण ऐकवीत : ‘माली बिला दफ्तारी, हुपोतेआ बिला हबारी.’ ज्या मालाची दफ्तरी नोंद नाही, तो खबर न लागता नाहीसा होतो. माल, दफ्तर, खबर हे शब्द आपल्यालाही परके नाहीत.

1963 मध्ये केनिया स्वतंत्र झाला. 1967 च्या व्यापार परवाना कायद्यानंतर, नागरिकत्व न घेतलेल्या व्यापाऱ्यांस धंदा करणे कठीण झाले. अनेक कुटुंबे ब्रिटनला गेली. आम्ही 1968 मध्ये सांगलीस आलो. दुकान म्झेंनी घेतले. कागद झाला नव्हता, शब्दच होता. तरी ठरलेली रक्कम त्यांनी नैरोबीतील आमच्या काकांकडे हप्त्याहप्त्याने पूर्ण पोहोचती केली.

वडील हयात असेतो दरवर्षी त्यांना पत्र जाई. पुढे ते काम माझ्याकडे आले आणि ‘सवड मिळाल्यावर’ या सदरात पडून राहिले.

2017 मध्ये मी निवृत्त झालो. त्याच वर्षी केनिया सरकारने तेथील आशियाई वंशाच्या नागरिकांना देशाची 44वी जमात म्हणून मान्यता दिली. ती बातमी वाचून मी दुकानाच्या जुन्या टपालपेटी क्रमांकावर पत्र धाडले. उत्तर त्यांच्या नातवाचे आले. म्झे जाऊन अकरा वर्षे लोटली होती. सोबत एका जपलेल्या कागदाचे छायाचित्र होते. त्यावर काय लिहिले आहे, असे त्याने विचारले होते. ती वडिलांची गुजराती पावती होती : ‘खाते चुकते.’ पैशांचे खाते म्झेंनी चुकते केले होते. दुसरे मी थकवले.

आपल्या कित्येक घरांत मोंबासा, नैरोबी, थिका यांच्या आठवणी निघतात. जमीनजुमल्याचे कागद आपण जपतो. पण तेथे आपल्याला सांभाळून घेणाऱ्या शेजाऱ्यांची, नोकरांची, शिक्षकांची नावे कोणत्या वहीत आहेत? घरातील वडीलधारी मंडळी आहेत तोवर ती लिहून घ्यावीत, आणि पत्र आजच टाकावे.

महिन्याच्या पहिल्या रविवारी मी त्या नातवाला दूरध्वनी करतो. माझी स्वाहिली अडखळते, तो सावरून घेतो. बोलण्याची सुरुवात ‘हबारी?’ने होते. खबर विचारणे, हाच तिकडचा नमस्कार आहे.